हळद

पलंगाचा सांगाडा होता कुणाचा तरी,
स्किपशेजारी दोन दिवस पावसात पडलेला.
गंज वरवरचाच. ग्राइंडर लावला
तसा अँगल आतून चकचकीत निघाला.

मशीन दीडशे किलोचं.
पाय चार दिले, तिरके पट्टे मारले,
वेल्डिंग माझं गांडुळासारखं, पण धरतं.
गॅरेजची फरशी मुळातच दाराकडे कललेली.
मी तो उतार मोडला नाही, कामाला लावला:
मागच्या पायांखाली दोन पेन्सची नाणी,
उजवीकडे तीन, डावीकडे दोन,
की ट्रेमधलं कूलंट
न सांगता भोकाशी येतं.

ट्रे सिमेंट कालवायचा, बारा पौंड.
पंप बागेतल्या कारंज्याचा, त्यावरचा बेडूक काढून ठेवला.
भोकाखाली चहाची गाळणी, कीस अडवायला.
विद्याधर म्हणाला, तयार मिळतं की गं, नऊशेला.
मी म्हटलं, हो ना.

इचलकरंजीत, शाळेतून येताना,
एका मागाच्या ओतीव कुशीवर
इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायचे: केघली.
आता तिथंच राहते. म्हणतात कीथ्ली.
माग इथले केव्हाच गेले,
त्या शेडमध्ये कार्पेट विकतात.

काच मॉरीनची. शेजारीण.
क्लिफर्ड शॉवरमध्ये पडला, मग दांडा बसवला,
मग खुर्ची आली, मग खुर्चीही परत गेली.
आता तिनं टब काढून टाकला
आणि काच परसात, कचऱ्याच्या डब्यांना टेकून.
"घेऊन जा, लव्ह. रोज दिसते मला."

कडक केलेली काच कापता येत नाही,
भोक पाडायला जावं तर साखरेसारखी सांडते.
मग सांगाड्यानंच काचेच्या मापात यायचं.
दोनदा तोडला, तिसऱ्यांदा जुळला.
व्हिनेगरनं चुन्याचे डाग गेले.
दांड्याच्या रबरी कपांचे दोन गोल ठसे
नाही गेले.

सिलिकॉन भरलं, रात्रभर वाळू दिलं,
पंप लावला.
पांढरं, ताकासारखं उसळलं, काचेवरून ओघळलं,
आणि सकाळी फरशी ओली.
कुठून? सांधा न् सांधा बोटानं चाचपला.
दुसरी रात्र. पुन्हा ओली.
एवढंसं डबकं, पण रोज त्याच आकाराचं,
कुणी मापून ओतल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हळद आणली.
सांध्यांच्या बाहेरून कागद चिकटवले,
चमच्यानं कोरडी हळद भुरभुरली,
उलट्या बादलीवर बसले.
कूलंट थोडं चुन्यासारखंच, आम्लाच्या उलट;
आणि हळदीचं चुन्याशी काय होतं
हे मला कुणी रसायनशास्त्रात शिकवलेलं नाही.

वीस मिनिटं सगळं पिवळं.
मग मागच्या उजव्या कोपऱ्यात,
जिथं काच पलंगाला भेटते,
एक ठिपका. लाल.
बघता बघता रुपयाएवढा.

मॉरीन चहाचे मग घेऊन दारात.
"रक्त आहे का ते?"
नाही, मसाला. गळती सापडली.
"किती सुंदर रंग."
म्हटलं, आमच्याकडे असाच करायचे पूर्वी.
कशासाठी, ते तिनं विचारलं
आणि मी म्हटलं, लावायला.
पुढचं सांगितलं नाही,
कधी लावायचं, आणि
कधी पुसायचं.

कोपरा खरवडला, पुन्हा भरला,
या वेळी घाई न करता.
परवा पहिला तुकडा कापला, ॲल्युमिनियमचा,
फडताळाचा साधा ब्रॅकेट.
ती आली होती बघायला.
आत कटर फिरत होता, दुधाचा मारा,
काचेला चांदीचे कण चिकटत होते.
तिनं त्या दोन गोलांवर
दोन बोटं ठेवली, काढली.
"न्हाणीघरापेक्षा इथं बरी दिसते," म्हणाली.
मग जरा थांबून: "तोही फार पाणी उडवायचा."

एकूण खर्च शहाऐंशी पौंड.
हळद हिशेबात धरलेली नाही.