तिसरी बादली

कोरडं फडकं लावशील तर बघ,
म्हणाला बाल्तासार, आणि पाइप माझ्या हातात दिला.
पहाटेचे चार. खाली वाल्पाराइसोचं बंदर झोपलेलं,
वर टेकडी अजून धुमसत होती.
एकोणीस तासांनी परतलेला आमचा बंब
लाल आहे हे फक्त आम्हालाच ठाऊक.

इथे आग विझवायचे पैसे कुणी घेत नाही.
दिवसा मी दातांच्या डॉक्टरकडे नोंदी ठेवते.
बाल्तासारने चाळीस वर्षं ट्रॉलीबस रंगवल्या,
म्हणून रंगाबद्दल त्याच्यापुढे कुणी बोलत नाही.

राख मऊ दिसते, तो म्हणाला, पण तिला दात असतात.
वितळून गोठलेली काच असते तिच्यात,
छपराच्या पत्र्याचा चुरा, खिळ्यांचा भुगा.
पुसायला गेलीस की रंग खाते.
आधी पाणी. नुसतं पाणी. वरून खाली,
छतावरून, शिडीवरून, आरशामागून,
तापातल्या पोराच्या डोक्यावर धरतात तसं.
तिची तिला जाऊ दे.

मग दोन बादल्या.
एकीत साबण. दुसरीत काही नाही,
पाणी, आणि तळाशी एक जाळी.
लोकरी मोजा साबणात बुडव, वीतभर पूस,
दुसरीत विसळ, मग पुन्हा साबणात.
हात सरळ रेषेत. गोल नाही.
गोल फिरवलंस तर काय होतं,
असं म्हणून त्याने मागच्या जुन्या दारावर टॉर्च धरला:
केसाएवढ्या रेघांची चक्रं, एकात एक,
कुणीतरी रात्रभर बसून काढल्यासारखी.
राखरांगोळी हा शब्द मी आजवर
फक्त घरांसाठी वापरला होता.

मोजा जमिनीवर पडला तर?
तर तो मेला. दुसरा घे.

डाव्या बाजूला नेल्सन होता.
रात्रभर त्याने पंपाचा दाब सांभाळला,
खालच्या वळणावर, जिथून त्याची गल्ली दिसत नाही.
वायरलेसवर कुणीतरी गल्लीचं नाव घेतलं,
मग पुन्हा एकदा घेतलं.
दाब कमी झाला नाही.

आता तो दारावरचा आकडा धूत होता,
एकच आकडा, कितीतरी वेळ.
बाल्तासार त्याच्यामागे जाऊन उभा राहिला.
मला वाटलं, खांद्यावर हात ठेवेल.
"दाबू नकोस," एवढंच म्हणाला,
"मोज्याचं वजन पुरतं."

नेल्सनने मोजा दुसऱ्या बादलीत सोडला.
पाणी केव्हाच काळं झालेलं.
कुणाचं कपाट, कुणाच्या वह्या,
एदितबाईंचा पियानो, ज्याची एक पट्टी मुकी होती,
वेगळं काढता येईल असं काही नव्हतं त्यात.
बाही वर न करता त्याने कोपरापर्यंत हात घातला,
सावडावं तसा तळ चाचपला.
हात रिकामा वर आला, राखाडी.
मी नळाकडे बघत राहिले.

कोरडं करायला घेतलं, म्हणजे टिपायला,
टॉवेल पसरायचा, ओढायचा नाही,
तोच घंटा झाली. वरच्या अंगाला पुन्हा पेटलं होतं.
अर्धा बंब ओलाच निघाला.
थेंब जागच्या जागी वाळले की डाग पडतात,
एरवी बाल्तासार यावर आठवडाभर बोलला असता.
त्याने नुसतं फाटक उघडलं.

परतलो तेव्हा ऊन चढलं होतं.
बादली भिंतीशी तशीच.
वर पाणी नितळ, ढग दिसावा इतकं,
खाली दोन बोटं गाळ.
गटारात ओता, असं कुणी म्हणालं नाही.
बाल्तासारकडे प्रत्येक गोष्टीची रीत होती,
हिची नव्हती.

बंब पुन्हा काळाकुट्ट.
नेल्सन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला,
पिवळी बादली घेऊन आला,
किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली,
आणि नळ सोडला.
वरून खाली, मी म्हणाले.
माहितीये, तो म्हणाला.