पुढचं ऑइल

सुभान तडवीनं फळीवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले.
एक मिनरल, एक सिंथेटिक.
मधे चहाचा कप, कपात एक मुंगी.
"ताई, गाडी इकनी शे ना तुले?
मंग इतलं महाग तेल कसाले?"

प्रश्न सहा महिन्यांचा आहे.
चोपड्यातल्या लॅबचा करार दिवाळीला संपतो,
मग गाडी विकायची.
तोवर आठवड्यातून दोनदा जळगाव,
विदगावच्या पुलावरून जाऊन येऊन शंभर किलोमीटर,
डिकीत थर्माकोलच्या खोक्यात लोकांची रक्तं.
कंपनीचं पुस्तक म्हणतं, दहा हजारांवर बदला.
पुस्तक लिहिणारा शेचाळीस अंशात
केळीच्या ट्रकमागे, दुसऱ्या गिअरवर,
अडावदपर्यंत आलेला नसावा.

हेच जुनं तेल दिवाळीपर्यंत ओढलं
तरी माझ्या हातात असताना काही होणार नाही.
तेलाचं पाप सावकाश असतं,
ते पुढच्याच्या नावावर चढतं.

मी एकदा तो पुढचा होऊन बसलेय.
पहिली गाडी भुसावळच्या नेहेते साहेबांकडून घेतली.
सीटवरचं प्लास्टिक तसंच,
डॅशबोर्ड देव्हाऱ्यासारखा पुसलेला.
"पोरीसारखी जपलीय," म्हणाले, आणि खरंच डोळे भरले त्यांचे.
सुभाननं इंजिनाचं झाकण उघडलं तर आत
कढईच्या बुडाला लागलेल्या काकवीसारखा काळा थर.
तो नखानं खरवडत राहिला. बोलला काहीच नाही.
एकवीस हजार रुपये. तेव्हा पगार नऊ हजार.
नेहेते साहेब खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही.
त्यांनी फक्त झाकण उघडून पाहिलं नव्हतं.

म्हणून आता लॅबमधला गाळणकागद.
दांडीवरचा एक थेंब त्यावर टेकवायचा, आणि थांबायचं.
थेंब पसरतो. मधे काळं, भोवती तपकिरी,
कडेला उन्हात वाळल्यासारखं पिवळट.
वलयं एकमेकांत विरत गेली तर तेल अजून कामावर आहे.
तीन हजारांचा कागद. पाच हजारांचा.
साडेसहाला डाग आखडून बसला,
घरात पाहुणे आल्यावर
आतल्या खोलीतून बाहेर न येणाऱ्या माणसासारखा.

सुभान कागद उजेडाला धरतो, उलटा करतो, वास घेतो.
मग आत जाऊन तिसराच डबा आणतो.
अर्धं सिंथेटिक. सहा हजारांवर बदलायचं, फिल्टर दरवेळी.
"पण गिऱ्हाईक हे पाहाव नई," तो म्हणतो.
खरं आहे. गिऱ्हाईक टायरला लाथ मारेल,
हॉर्न वाजवेल, गाण्याचा आवाज मोठा करून बघेल,
आणि पाच हजार कमी करायला लावेल.
ही कागदांची चळत पुढे केली
तर बायकोकडे बघून हसेल.

असू दे.

जुनं तेल घमेल्यात पडतंय,
आधी धार, मग दोरा, मग थेंब.
सुभानचा भाचा बोल्ट लावायला पुढे होतो,
सुभान त्याच्या मनगटावर हलकी चापट मारतो.
अजून एक थेंब.
अजून एक.
आम्ही तिघं वाकून बघतोय,
बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नाहीये.

बॉनेटच्या आतल्या बाजूला तो मार्करनं पुढचा आकडा लिहितो:
८४,३००.
मी मनात भागाकार करते.
त्या आकड्याला मी गाडीत नसेन.
कुणाचा तरी पाय असेल क्लचवर, धरणगावचा, शिरपूरचा,
मागच्या सीटवर कुणी उसाचं कांडं चोखत.

मी मार्कर मागून घेते.
आकड्याखाली तेलाचं नाव लिहिते, सुटं सुटं,
रक्ताच्या नळीवर लिहितो तसं,
घाईत वाचणाऱ्यालाही लागावं असं.
खाली सुभानचा फोन नंबर.

तो मागून डोकावतो.
"ताई, शेवटले नऊ नई. सात शे."
मी रॉकेलच्या फडक्यानं नऊ पुसते.