आठवी लेन

पूर्वेकडचा लाकडी स्टँड उद्यापासून उतरवणार.
फरच्या फळ्या, हाताने घडवलेले खिळे,
आणि छपराखाली कबुतरांचं एक अख्खं गाव.
मला हुकूम आलाय : तळखोली रिकामी कर.

सामान म्हणजे काय, तर
चौदा लाकडी हर्डल्स,
पैकी पाचांच्या कडा नडग्या खाऊन गुळगुळीत झालेल्या;
हातोडाफेकीची तार, गंजून दोऱ्यासारखी;
आणि टोपलीभर खुरपी.
स्टार्टिंग ब्लॉक नव्हते तेव्हा
जो तो आपल्या पायाच्या मापाचे खड्डे स्वतः खणायचा
आणि शर्यत संपली की परत येऊन बुजवायचा.
हरलेलासुद्धा.
असं म्हातारे सांगतात. मी त्यातलं थोडं कमी धरतो.

सगळ्यात खाली, पोत्यात गुंडाळलेली,
अर्वो लेहतिनेनची वही.

अर्वोनेच हा ट्रॅक घातला होता,
नदीकाठच्या लाकूडगिरणीच्या भट्टीतली राख
चाळून, भिजवून, रोलरखाली दाबून.
वहीत तेच : पाऊस किती, राख किती पोती,
भाल्याच्या मैदानात उंदरांची बिळं किती.
मग मार्च सत्तावन्न. समासात, पेन्सिलीने :
*लेन आठ. पहाट. अर्धा मैल. २:२९.*
चार दिवसांनी २:२७.
जूनपर्यंत २:१७.
नाव कुठेच नाही.

तेव्हा मुलींना ट्रॅकवर पाय ठेवायला बंदी होती.
शर्यतीच्या दिवशी त्यांनी फीत धरायची,
दोघींनी दोन टोकांना, नीट इस्त्रीच्या झग्यात.
फीत धरायची. तोडायची नाही.

व्हर्ना होलकोंब आज आली, निरोपाच्या समारंभाच्या
एक दिवस आधी, गर्दी नको म्हणून.
वय शहाऐंशी, वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू.
मी वही पुढे केली. तिने चष्मा बदलला.
बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली,
"मला वाटायचं, तो रागाने करतो.
मी कुंपणापलीकडून बघायची,
माझी पावलं वाळायच्या आत
तो दंताळं घेऊन यायचा आणि सगळं पुसून टाकायचा."

डीनसाहेबांची फेरी सात वाजता असायची.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिच्या लक्षात आलं असावं,
कारण तिने पान उलटलं नाही.

मग बोट ठेवून म्हणाली, "हे चूक आहे.
दोन सोळा होते. मी मोजलं होतं."
"कशावर?"
"पंधरा कुंपणाचे खांब, मग श्वास.
त्याचं घड्याळ मागे पडत असणार. फिनिश माणूस, कंजूष."
आणि अशी हसली की कबुतरं उडाली.

आमच्याकडे घंटा आहे, जुन्या नावेवरची, पितळी.
शेवटचा फेरा सुरू झाला की पुढच्यासाठी एकदा वाजते
आणि सगळ्यात मागच्यासाठी पुन्हा एकदा.
दुसऱ्या वेळी अख्खा स्टँड उभा राहतो.
गेल्या वसंतात मारिसोल नावाची पोरगी
बूट फाटून एका पायाने अनवाणी आली,
तेव्हा उभं राहून राहून एक फळी मोडली.
मी व्हर्नाला विचारलं, वाजवू?
ती म्हणाली, "नको. आता कशाला.
पण मला तिथे ने."

आठव्या लेनीत तिने बुटाचं टोक दाबून बघितलं.
लाल रबर. दाबलं, आणि लगेच वर आलं.
"इथे काही उमटत नाही."
"नाही," मी म्हटलं. "त्यासाठीच बसवलंय."
ती चालू लागली. मी मागे,
हात पुढे धरून, पण लावला नाही.

वही तिने नेली नाही.
म्हणाली, ती इथली आहे, इथल्या उंदरांशेजारी.

रात्री तळखोलीचा दिवा घालवण्याआधी
मी पेन्सिल शोधली. शेवटचं कोरं पान :
*लेन आठ. दुपार. थोडी ओल.
सात पावलं.
वेळ घेतली नाही.*