विषय क्रमांक सात

डाव्या खणात अजून पितळी शिक्का आहे.
कायद्याने तो ऐच्छिक केला त्याला बरीच वर्षं झाली,
तेव्हापासून पंखा जोरात असला की
मी त्याने बिलं दाबून ठेवते.
कंपनीचं नाव त्यावर उलटं कोरलेलं.

मकरपुऱ्यात आमची कंपनी रंग करते.
कापडाचे; भिंतींचे नव्हेत,
हे दांडिया बाजारातल्या प्रत्येक हळदीकुंकवात सांगावं लागतं.
आणि हेही, की कंपनी सेक्रेटरी म्हणजे
साहेबांचे फोन घेणारी नव्हे.
मग करता काय हो तुम्ही?
मी लिहिते.
सहा जण टेबलाभोवती बसून जे बोलले
ते, बोलायला हवं होतं तसं, लिहिते.

सव्वीस वर्षं तृतीय पुरुष, भूतकाळ.
मंडळाने विचार केला. मंडळाने समाधान व्यक्त केले.
मंडळाला कधी खोकला आला नाही.
मंडळाने कधी खमण मागवलं नाही.

यंदापासून यंत्र लिहितं.
टेबलाच्या मधोमध काळी चकती, बशीएवढी.
गुजराती, इंग्रजी, पार्थिवभाईंची दोन्हींची खिचडी,
सगळं ऐकते,
आणि चहाचे कप उचलायच्या आत इतिवृत्त तयार.
माझ्यापेक्षा बरं लिहिते, खोटं कशाला बोलू.
पुढे म्हणे तिला मतही द्यायचंय.
कायद्यात बसत नाही, मी म्हटलं.
"बसवू," पार्थिवभाई म्हणाले,
"कंपनी तरी कुठे माणूस आहे?
तिला पॅन कार्ड मिळालंच ना."
हे मात्र चकतीने गाळलं.

परवा विषय क्रमांक सात: सांडपाण्याचा अहवाल.
सुलक्षणाताई इनामदार, स्वतंत्र संचालक,
पॉलिटेक्निकात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त,
चष्मा कपाळावर, चौथं पान दोन बोटांत:
"आकडे ठीक आहेत. पण ते पाणी जातं कुठे?"

अकरा सेकंद.
मी मोजले नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये आहेत.
टोरांटोहून हजर असलेल्या संचालकांच्या पडद्यावर
त्यांचं मांजर येऊन गेलं.
कुणी बिस्किटाचा पुडा उघडत होतं, ते अर्ध्यात थांबलं.
मग पार्थिवभाई: "नेक्स्ट?"

काळ्या घोड्याच्या पुलावरून मी रोज घरी जाते.
खाली विश्वामित्री, काठावर मगर, जबडा उघडा.
पोरं मोबाईल काढतात. ती हलत नाही.
त्या दिवशी मला वाटलं,
हिला ठाऊक आहे, आणि हिला कुणी नोटीस पाठवलेली नाही.

यंत्राने लिहिलं होतं:
चर्चेअंती मंडळाने अहवालाची नोंद घेतली.
चूक काहीच नाही. मीही हेच लिहिलं असतं.
हेच लिहीत आले.
ते शिकलंय माझ्याकडूनच;
माझ्या जुन्या वह्या त्याला मीच भरवल्या,
तीन दिवस स्कॅनरपाशी उभी राहून.

पाणी प्यायले.
मग कर्सर मागे नेला आणि टाइप केलं:
श्रीमती इनामदार यांनी विचारले, ते पाणी कुठे जाते?
उत्तर देण्यात आले नाही.

पिवळी रेघ आली. वाक्य नेहमीच्या नमुन्यात नाही, वगळू का?
राहू दे, म्हटलं. मोठ्याने म्हटलं,
दाराशी उभी तेजल दचकली.

मसुदा सगळ्यांना गेलाय. हरकतींना सात दिवस, आज पाचवा.
मार्चअखेर मी निवृत्त.
संचालक येतात, जातात, कंपनी मरत नाही,
हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं;
आणि तिची वही कायम जपायची असते, हे दुसऱ्या.
उघडेल कुणीतरी. माणूसच असेल असं नाही.

पार्थिवभाईंचे दोन मिस्ड कॉल.
सुलक्षणाताईंचा मेल, एकच दुरुस्ती:
"मी 'ते पाणी' म्हणाले नव्हते.
'आपलं पाणी' म्हणाले होते."

रेकॉर्डिंग लावलं. दोनदा.
खरंच.
आपलं.