साडेअकरा आटे

पहाटे साडेचारला मी टाकीखाली जातो.
चावी खांद्यावर. लोखंडी, मनगटाएवढी जाड,
लुमाण्णा बिर्जे अध्यक्ष होते तेव्हा
नंदगडच्या लोहाराकडनं करून आणलेली.
गुरव गल्लीचा व्हॉल्व्ह साडेअकरा आटे फिरतो.
बाराव्याला अडतो. अध्यक्ष कुणीही असो.

पाण्याच्या आधी माणसं येतात,
घागरी ओळीत ठेवून कट्ट्यावर बसतात.

"बिर्जेअण्णांच्या टायमाला असं नव्हतं बघ."
"होय की. दिवसाआड यायचं."
"आता चार दिवसाला. आणि धार तरी कसली,
आटलेल्या म्हशीची."
"होनगेकर नुसता फोटो काढून घ्यायलाय."
"पण दिवे लावले की रे त्यानं, पार मसणवटीपर्यंत."
"मेल्यावर उजेड काय चाटायचाय?"

मी आटे मोजतो. पाच. सहा.

तिथनं तळवार गल्लीत जावं
तर बसव्वा पदर खोचून उभी असते:
"अवर कालदाग हिंग इरलिल्ल."
तेच वाक्य. घागर तेवढी स्टीलची.

सहा वर्षांमागं याच कट्ट्यावर
याच शांताक्कानं, हिच्या घागरीला तेव्हा पोचा नव्हता,
म्हटलं होतं, बिर्ज्याला चपलेनं हाणायला पाहिजे,
कल्लाप्पा चौगुलेंच्या टायमाला असं नव्हतं.
आणि चौगुलेंच्या टायमाला
चावी माझ्या बापाच्या खांद्यावर होती.
त्यानं काय ऐकलं ते सांगितलं नाही कधी.
घरी येऊन बशीत चहा ओतायचा
आणि एकटाच हसायचा.

पंचायतीत अध्यक्षांच्या नावांचा फळा आहे, कन्नडात.
मी तो मोजून वाचतो.
नववी ओळ चौगुले, दहावी बिर्जे,
अकरावीचा रंग अजून बोटाला लागेल असा.
खाली तीन ओळी मोकळ्या.
पेंटरनं आधीच रेघा मारून ठेवल्यात.

मला विचाराल तर
(कुणी विचारत नाही, वॉटरमनला काय मत असणार)
बिर्ज्यांनी माझा पगार सात महिने थकवला.
पण आई सिव्हिलमध्ये होती तेव्हा
रात्री एक वाजता बेळगावला आले,
मोटरसायलीवरनं, भिजून,
डब्यात भात आणि कुळथाचं कट.
होनगेकरांचा पगार पाच तारखेला खात्यावर पडतो.
माझं नाव मात्र त्यांना सांगता यायचं नाही.
आता घाला हे तराजूत.
मी घालून बघितलंय. काटा थांबत नाही.

गेल्या सोमवारी बिर्जेअण्णा स्वतः आले घागर घेऊन.
सुनेला ताप होता.
ओळ एकदम गप्प झाली,
मग गरजेपेक्षा जास्त बोलायला लागली:
"तुमच्या टायमाला अण्णा, काय सांगायचं!"
पुढं या म्हणाले कोणी नाही.
ते घागरीच्या तोंडावरचं फडकं
सारखं करत उभे राहिले.
नंबर आला तोवर धार बारीक झालेली.
अर्धी भरली.

माझ्याजवळ येऊन, चावीला हात टेकवून,
हळूच म्हणाले, "टोपाण्णा, खरं सांग.
माझ्या टायमाला दिवसाआड येत होतं काय रे?"

माझी एक वही आहे. तारीख, गल्ली, किती आटे, किती वेळ.
त्यात सगळं आहे: चार दिवसांनी. कधी पाच.
एका मे महिन्यात नऊ.

"असंल की अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मागच्या ओळीकडं बघितलं,
मग अर्धी घागर खांद्यावर घेतली
आणि होनगेकरांच्या दिव्यांखालनं
पाणी डचमळवत चालू लागले.

मागं कुणीतरी म्हणालं,
"काय माणूस होता."

मी उलटे आटे मोजायला घेतले.