दोन सूत

खिद्रापूर. मे महिना, सकाळचे आठ.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं वडलांकडे –
उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथसमोर उभा राहिलेला माणूस,
आता बिनपगारी मदतनीस.

स्वर्गमंडपात बारा खांब गोलात.
मी वहीत लिहिते : कुंभी, चौकोन, अष्टकोन,
मग घट, कणी, फलक.
वडील नावं ऐकत नाहीत.
खांबाच्या कमरेवरून नख फिरवतात
कड्यामागून कडं, खाचेमागून खाच,
तयार जॉबवरून फिरवायचे तसं,
आणि मधेच थांबतात.
"हितं हत्यार थरथरलंय बघ."
मला काही दिसत नाही.
"दिसायचं न्हाई ते. नख लाव."

पहाऱ्यावरचा बाळगोंडा कुसनाळे
कानावरची विडी काढून पुन्हा कानावर ठेवतो.
"आमी नकाशा वाचत न्हाई बाई, खांब वाचतो.
कृष्णा चौकोनात असली तर जेवून घ्यायचं.
अष्टकोनाला लागली की दावी सोडायची.
गोलाला भिडली
की मागं बघायचं न्हाई."
त्यानं दाखवलेल्या गाळाच्या रेघेला
माझ्या वहीत रकाना नव्हता.
ती कणी नव्हती, फलकही नव्हती.
तरी मोजली. सहा फूट, दोन इंच, एक सूत.

दुपारी हिशेब.
बारा खांबांचे बारा घेर,
एकही दुसऱ्याशी जुळेना,
कुठं सूत, कुठं दोन सूत.
मी टेपला दोष दिला, उन्हाला दिला,
मनातल्या मनात वडलांच्या डाव्या हाताला दिला,
ज्याचं करंगळीशेजारचं बोट
एकोणनव्वद साली चकमध्ये गेलं.
ते मात्र खुशीत.
भाकरीचं फडकं सोडत म्हणाले,
"बारा गडी असतील गं.
एकाला ताप असंल,
एकाची शिफ्ट संपत आली असंल."

आणि एवढ्या निगुतीनं
हे बारा जण पेलतात काय,
तर छतातलं एक भोक.
त्यातून पडलेलं उन्हाचं चकतं
खालच्या गोल शिळेवरून सरकत होतं.
वडील जेवायचं थांबून बघत राहिले.
"फीड हळू ठेवलंय," म्हणाले,
कुणाला, ते कळलं नाही.

छेदचित्रात प्रमाणासाठी एक माणूस काढतात,
बिनचेहऱ्याचा, हात सैल सोडलेला.
मी काढला तो खांबाशी वाकलेला,
नख लावून,
डाव्या हाताला चार बोटं.
एकास पन्नासला बोट म्हणजे
पेन्सिलीचा श्वास, तेवढंच.

ऑफिसातून शेरा आला :
मानवाकृती सरळ उभी करावी.

केली.
बोटं चारच ठेवली.