हात सुटा

न्हाणीत काटा ठेवायचा नाही,
हे पहिल्याच दिवशी कळलं.
तिथली फरशी मोरीकडे झुकलेली,
पाणी जावं म्हणून गवंड्यानं मुद्दाम दिलेला उतार.
पाणी जातं,
आणि त्याच्यासोबत दीड किलो पंचफुलाही.

पडवीत, सारवणावर ठेवला तर काच रुतून बसली.
एकोणपन्नास, मग एक्कावन्न,
मग नुसतीच आडवी रेघ.
"थो काटाच खोटा हाय," ती म्हणाली.
काटा खोटा नसतो, मी म्हणालो, जागा खोटी असते.
अठ्ठावीस वर्षं मापारी होतो बाजार समितीत,
एवढं बोलायचा हक्क आहे मला.

नातवाची कंची घेतली, घरभर सोडून पाहिली.
कुठे ती चुलीकडे धावली, कुठे उंबऱ्याकडे.
देवघरासमोरच्या एका फरशीवर मात्र
जराशी हलली आणि थांबली.
तिथं खडूनं चौकोन आखला.
पंचफुला पुसते, मी पुन्हा आखतो.

कंट्रोलवाल्या धर्माजीकडून वीस किलोचं लोखंडी माप आणलं,
बुडाला शिसं, शिशावर शिक्का.
नुसतं काचेवर ठेवायचा धीर होईना,
खाली जुन्या लुगड्याचा तुकडा घातला.
वीस किलो शंभर ग्रॅम.
शंभर लुगड्याचे.
काटा खरा निघाला. आता माणसाचं पाहायचं.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय:
काळीज थकलंय, अंगात पाणी साठतं.
रोज सकाळी वजन, परसाकडे जाऊन आल्यावर,
चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, अनवाणी.
दोन दिवसांत दोन किलो वाढले
तर विचारत बसू नका, गाडी पकडा.

मी वहीत भरतो. तारीख, वजन, सही.
सही कशाला, सून विचारते.
सवय.

सोमवार बावन्न चार.
मंगळवार बावन्न चार.
बुधवार बावन्न तीन.
एवढा सरळ भाव कापसाचाही कधी पाहिला नव्हता.
आणि जोडवी तर बोटांत रुतत चाललेली,
नडगीवर अंगठा दाबला
की खळगा राहायचा, ओल्या मातीत राहतो तसा.

गुरुवारी मी आकड्याकडे पाहिलंच नाही.
मापाऱ्यानं आकडा शेवटी पाहायचा, आधी हात.
उजवा पदरात.
डावा देवघराच्या चौकटीवर,
चार बोटं, भाकर फुगली का पाहायला ठेवतात तशी.
नजर खाली काचेवर,
बावन्न चार येईस्तोवर जोर कमीजास्त करत.

ती बोटं माझ्या ओळखीची.
असे हात मी भर बाजारात धरलेत,
व्यापाऱ्यांचे, अडत्यांच्या पोरांचे.
आणि एका दिवाळीच्या तोंडावर
माझाच पाय ताटाखाली गेला होता.
कुणाचं माप होतं, नाव आठवतं मला.
गावही.

"हात सोड," मी म्हणालो.
"बकरी आज-उद्याची हाय," ती म्हणाली, "तिले कोन पाहीन?
थे लोकं चार दिवस ठेवून घेतीन मले."
"हात सोड, पंचफुला."

तिनं बोटं उचलली. करंगळी सगळ्यात शेवटी.
आकडा थरथरला, चढला,
चोपन्न नऊ.

आम्ही दोघं पाहत राहिलो
काच आपोआप काळी होईस्तोवर.

मग वही काढली.
मंगळवार-बुधवारवर रेघ मारली,
पुढे लिहिलं: हात टेकलेला.
गुरुवार, चोपन्न नऊ. हात सुटा.
आज सही तिलाही करायला लावली.
तिनं माझ्याकडे न पाहता केली,
पंचफुलातला फु जरा मोठाच.

आठची गाडी फाट्यावर थांबते.
सून म्हणते बकरीचं मी पाहते,
तिला बकरीतलं ओ का ठो कळत नाही.
पंचफुला लुगडं बदलायला आत गेली,
जाता जाता
पायानं खडूचा चौकोन पुसत.